एकशे त्र्याण्णव तुकड्यांची सुरई

शनिवार, ३ एप्रिल

आले एकदाची. चौदा तासांच्या बसनं कंबर मोडून काढली, पण शेवटचा घाट उतरताना खाली इंजिरलिमानचा उपसागर दिसला आणि मी एकटीच हसायला लागले. शेजारच्या बाईंना वाटलं मला भूक लागलीय. त्यांनी पालक भरलेला बोरेकचा पापुद्र्यांचा तुकडा पुढे केला. घेतला.

अंकाऱ्यात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं होतं. सेहेचाळिसाव्या वर्षी प्रयोगशाळेतली कायमची नोकरी सोडून कुणी समुद्रातून स्पंज काढणाऱ्यांच्या गावात फुटकी काच सांधायला जातं का? बहीण म्हणाली, नवरा सोडलास तेव्हासुद्धा एवढं सामान बांधलं नव्हतंस. मी म्हटलं, तेव्हा घाई होती.

खोली एका जाळी विणणाऱ्याच्या घरावर आहे. खिडकीत धक्का, होड्या आणि एक लठ्ठ मांजर. सामान टाकून तशीच संग्रहालयात गेले. दारावर साठीचा, पिंपासारख्या छातीचा माणूस बसला होता. मी इथली नवी सांधणारी आहे, असं सांगितलं तर म्हणाला, सोमवारपासून. आज शनिवार. आज तुम्ही पाहुण्या, तिकीट घ्या. मला राग यायला हवा होता. मी तिकीट घेतलं. नाव रुक्नेत्तिन. गावात सगळे कप्तान म्हणतात.

पाहुणी म्हणून पाहिलं ते बरंच झालं. पहिल्या दालनात जहाजाच्या उरलेल्या फळ्या लोखंडी सांगाड्यावर मांडल्यात, आणि न उरलेलं जहाज तारेनं हवेत रेखलंय. हजार वर्षांपूर्वी शामच्या, म्हणजे सीरियाच्या, किनाऱ्यावरून निघालेलं व्यापारी जहाज. कॉन्स्टँटिनोपलला चाललं असावं, वाटेत दहा बंदरं घेत. रांजणांवर मालकांच्या खुणा कोरलेल्या: कुणाचा मासा, कुणाचा क्रूस, कुणाचं अरबी अक्षर. एकाच तळात शेजारी शेजारी. मनुका, आंबट मसाल्याचा सुमाक, झिलईचे वाडगे, लाकडी कंगवे, बुद्धिबळाची सात मोहरी. आणि तीन टन फुटकी काच, पुन्हा वितळवण्यासाठी नेत होते ती.

त्या भंगारातून इथल्या लोकांनी बावीस वर्षांत शेकडो पेले, कुप्या, तबकं उभी केलीत. शेवटच्या दालनात ती अंधारात एकेका दिव्याखाली ठेवलीत. मी तिथे तासभर होते. बाहेर पडताना कप्तान म्हणाले, तिकीट वसूल केलंत म्हणायचं.

मी सुखात आहे. हे लिहून ठेवते, कारण मला नंतर शंका येते.

सोमवार, ५ एप्रिल

नियम लिहून ठेवते, प्रयोगशाळेतलाच: आदल्या दिवशीचं चुकलं असेल तर खोडायचं नाही, खाली दुरुस्ती लिहायची. पहिली दुरुस्ती: मोहरी सात नाहीत, आठ आहेत. एक मांडणीच्या मागे पडलं होतं.

कार्यशाळेच्या प्रमुख मुझैय्यन हानम. सगळे त्यांना नुसतं हानम म्हणतात, ‘बाई’ म्हणावं तसं. एकसष्ट वर्षांच्या, चिमणीएवढ्या, तोंडात सतत लवंग. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, ह्या काचेनं माझे डोळे खाल्ले, नवरा खाल्ला, चार मांजरं खाल्ली. आता तू आलीस. बस, तुलाही वाढते. जुलैत निवृत्त होणार आहेत.

कार्यशाळेची एक भिंत काचेची आहे. पाहुणे पलीकडून आमचं काम बघतात. सवय होईल म्हणतात.

हानमचे नियम दोन. नसलेला तुकडा राळेनं भरायचा नाही. भोक ते भोकच दिसलं पाहिजे. आणि जे सांधलं ते कधीही सोडवता आलं पाहिजे. आपण वापरतो ती राळ ॲसिटोननं विरघळते, म्हणूनच वापरतो. जे सोडवता येत नाही त्याला त्या सांधणं म्हणत नाहीत, दादागिरी म्हणतात.

मग त्यांनी कोपऱ्यातल्या कपाटातून सुरई काढली. दीड वीत उंच, निमुळत्या मानेची, जांभळ्याकडे झुकणारी निळी. अशी काच मी पाहिलेली नाही. एकशे ब्याण्णव तुकडे लागलेत. पोटाजवळ अंगठ्याच्या नखाएवढं भोक आहे: एकशे त्र्याण्णवावा तुकडा. तीन टन काच दोनदा चाळून झाली, तो मिळाला नाही. तो मिळेपर्यंत ही मांडायची नाही, असा हानमचा हट्ट आहे.

तिच्यावर काम करताना श्वास रोखून धरायचा, म्हणाल्या. काच पातळ आहे म्हणून असणार.

शुक्रवार, ९ एप्रिल

सुरई माझ्याकडे दिलीय. जुने सांधे तपासायचे, पिवळी पडलेली राळ बदलायची. कामात जीव रमतो.

एक नोंद. मानेच्या आत रोज वाफेचा ठिपका दिसतो, नाण्याएवढा, आरशावर फुंकर घातल्यासारखा. जुनी काच दमट हवेत पाझरते हे मला ठाऊक आहे. पण पाझर येतो आणि राहतो. हा येतो आणि जातो. हानमना विचारलं तर म्हणाल्या, म्हातारीच आहे ती, धापा टाकणारच. आणि लवंग दुसऱ्या गालात सरकवली.

दुपारी कप्तानांबरोबर चहा झाला. हे जहाज त्यांनीच शोधलं, तरुणपणी, स्पंज काढायला उतरले असताना. साडेतीन मिनिटं पाण्याखाली राहायचे. मी विश्वास ठेवला नाही. त्यांनी घड्याळ माझ्या हातात दिलं, श्वास घेतला आणि बसून राहिले. दोन मिनिटांनी मीच घाबरून बास म्हटलं. ते हसून म्हणाले, अंकाऱ्याच्या लोकांना दम नाही.

त्यांच्याकडून इथली एक रीत कळली. पाणबुड्याला तळाशी अख्खं भांडं सापडलं तर तो ते खालीच फोडतो आणि मग वर आणतो. अख्खं भांडं होडीत घेत नाहीत. का, विचारलं. म्हणाले, आत काय आहे ते आधी समुद्राला दिसू दे. मी हे अंधश्रद्धेच्या रकान्यात टाकलं. जरा उद्धटपणाच झाला माझा.

बुधवार, १४ एप्रिल

वाफेचा ठिपका मोजला. मिनिटाला चौदा वेळा येतो, चौदा वेळा जातो.

दुरुस्ती, त्याच दिवसाची: मी मोजत होते तेव्हा माझा स्वतःचा श्वासही चालू होता आणि मी वाकलेले होते. मी मलाच मोजलं असेल. म्हणून श्वास रोखून पुन्हा मोजलं. अर्ध्या मिनिटात सात.

मग रेशमाचा एक तंतू चिमट्यात धरून मानेसमोर लोंबता ठेवला. खिडक्या बंद. तंतू आत ओढला गेला. बाहेर आला. आत. बाहेर.

काच फुंकून करतात. कुणीतरी नळीला तोंड लावून स्वतःचा श्वास तिच्यात सोडलेला असतो, भांड्याचा आकार म्हणजे त्या श्वासाचाच आकार. हे विद्यार्थ्यांना सांगताना मला नेहमी छान वाटायचं.

आज अकराला इझमीरहून निवृत्त शिक्षकांची सहल आली होती, चाळीस जण. जहाजाच्या दालनात एवढा दंगा की कप्तान ओरडले, मास्तर, वर्गात शांतता! मग ते आमच्या काचेच्या भिंतीसमोर आले आणि गप्प झाले. मी मान वर केली. चाळीस तोंडं काचेशी. चाळिसांची वाफ काचेवर एकदम उमटत होती. एकदम पुसली जात होती.

बाहेर गेल्यावर पुन्हा बोलायला लागले. एक बाई बाकावर बसून राहिल्या होत्या. त्यांना पाणी नेऊन दिलं. त्या म्हणाल्या, कुणीतरी माझा श्वास उसना नेला आणि परत दिला असं वाटलं गं. पण परत देताना थोडा कमी दिला.

सोमवार, १९ एप्रिल

मी घाबरलेली नाही. चिडलेली आहे. जे मोजता येतं त्याला घाबरायचं नसतं, त्याचा माग काढायचा असतो.

म्हणून उत्खननाच्या जुन्या वह्या काढल्या. प्रत्येक तुकडा कुठे सापडला ते त्यात आहे. बाकीच्या फुटक्या काचेची जागा एकच: मागच्या टोकाचा ढीग. सुरईचा एकही तुकडा त्या ढिगात नव्हता. मनुकांच्या रांजणात, सुमाकाखाली, वाडग्यांच्या चळतीत, नांगराच्या दोरांत, प्रत्येक वेगळा, आणि प्रत्येकाभोवती डांबरात बुडवलेल्या चिंधीचे अवशेष. माशाची खूण असलेल्या मालात आठ. क्रूसाच्या मालात अकरा. अरबी अक्षराच्या मालात नऊ. जहाजावरच्या प्रत्येक व्यापाऱ्याच्या मालात थोडे थोडे.

ती भंगार नव्हती. कुणीतरी ती मुद्दाम फोडली आणि तुकडे एकमेकांपासून लांब ठेवले.

जहाज बुडालं त्या जागी वादळाची खूण नाही. शांत खाडी. सामान जागच्या जागी. एकानं मोहरी पटावर मांडून ठेवली होती.

हानमना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं नीट वाचलं. मग म्हणाल्या, पोरी, फुटक्या वस्तूला फुटकी ठेवायचं असतं तर आपल्याला पगार कशाला देतील?

गुरुवार, २२ एप्रिल

दुपारी दोनला संग्रहालयात कुणी नव्हतं. कप्तानांनी मला जहाजाच्या दालनात बोलावलं. खिशातून तंबाखूची डबी काढली. डबीत मेण, मेणात अंगठ्याच्या नखाएवढी निळी काच.

सगळ्यांत आधी तोच त्यांच्या हाताला लागला होता. चिंधी सोडली आणि कळलं, म्हणाले, की हे कुणीतरी जीव खाऊन लपवलंय. मी अडाणी माणूस, पण लपवलेलं ओळखतो. बाकीचे तुकडे वर गेले, शिकलेली माणसं आली, ओळीनं जोडायला बसली. मी काय सांगणार होतो तुम्हा लोकांना? म्हणून इथे पहारेकरी झालो. एक तुकडा माझ्याकडे असेपर्यंत ती भोकाची. घेतलेला श्वास भोकातून सुटतो. भोक बुजलं की —

डबी मिटली. छातीचा फोटो दाखवला. दोन्ही फुप्फुसांत गाठी आहेत. डॉक्टरांनी हिवाळ्याचं बोलायचं टाळलंय.

डबी माझ्या हातात दिली: आता ही तुम्ही लपवा. मी का, असं विचारलं. म्हणाले, सांगितलं ते ऐकत नाही असं माणूस हवं होतं. तिकिटाच्या दिवशीच कळलं होतं. तुम्ही तिकीट घेतलंत, पण तोंड काय केलं होतंत!

डबी माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी एका संग्रहालयाची वस्तू लपवून ठेवलीय. आजवर एक पेनसुद्धा घरी आणलेलं नाही.

रविवार, २५ एप्रिल

तीन दिवस झोप नाही. प्रामाणिकपणे मांडते.

एका बाजूला: एक रेशमाचा तंतू, एका दमलेल्या बाईंचं बोलणं, एका आजारी माणसाची समजूत. दुसऱ्या बाजूला: बावीस वर्षं. हानम रोज सकाळी त्या भोकाला बोटानं हलकेच शिवतात, पडलेल्या दाताच्या जागेला जीभ लावावी तसं. जुलैत त्या जातील. त्यांना न सांगण्याचा हक्क मला कुणी दिला?

आणि तिसरंही आहे, तेही लिहिते. मला ती पूर्ण झालेली बघायची होती.

आज हानमच्या घरी जाऊन डबी दिली. त्या रडल्या. मग मला रागावल्या, मग मिठी मारली, मग कप्तानांना अशी शिवी दिली की शेजारची खिडकी उघडली. बुधवारी लावू, म्हणाल्या. नव्या राळेनं, दोघी मिळून.

मी त्यांना चौदाचा आकडाही सांगितला. तंतूचं सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण हातात डबी होती.

गुरुवार, २९ एप्रिल

काल अकरा वाजता.

क्रम लिहिते. क्रम चुकता कामा नये.

तुकडा बसला. नखानंही फट लागेना. हानमनी राळ टेकवली, बोट उचललं. मानेत वाफ आली.

गेली नाही.

वाढली. पोटात उतरली. निळी काच पांढरी झाली. हानम हसायला लागल्या — तोंड उघडलं — आवाज नाही. त्या अजून हसतच होत्या. मला वाटलं, गंमत करतायत.

मग माझा श्वास बाहेर गेला आणि आत यायला काही उरलं नव्हतं. छाती ओढत होती, हवा होती, ती येत नव्हती. काचेच्या भिंतीपलीकडे एक जोडपं होतं. पुरुष गुडघ्यांवर बसला.

दार उघडलं. कप्तान, गाल फुगवलेले, डोळे बारीक. पाण्यात चालतात तसे सावकाश आले. तुकडा ओल्या राळेतून नखांनी उपटला.

मला श्वास आला. जोडप्याला आला.

हानमना नाही.

हे मी केलं. दुरुस्ती नाही.

शुक्रवार, ३० एप्रिल

त्यांना आज पुरलं. डॉक्टर म्हणतात, हृदय. माझ्या छातीचंही बघितलं: जिना चढता येत नाही, एक वाक्य एका दमात बोलता येत नाही. सुरईनं घेतलेलं परत आलं नाही. माझे श्वास मोजले, मिनिटाला छत्तीस.

विभागीय संचालक आले होते. काळा सूट, खरंच दुःखी माणूस. त्यांनी ठरवलंय: सुरई पूर्ण करायची, तिच्याखाली हानमचं नाव लावायचं. मंगळवारी बंदरात मोठं प्रवासी जहाज येतंय, त्याची गर्दी ओसरली की संध्याकाळी उद्घाटन. उपटलेला तुकडा त्यांनी आपल्या कुलपात ठेवलाय, तो बसवायला दुसरा सांधणारा त्याच दुपारी येतोय. मी आकडे दाखवले, वह्या दाखवल्या, छाती दाखवली. ते म्हणाले, फेराये हानम, तुम्ही दोन आठवडे रजा घ्या. वाईट माणूस नाही. आम्ही कुणीच वाईट नाही. फुटलेलं दिसलं की आमचा हात आपोआप पुढे होतो, एवढंच.

ते गेल्यावर पुन्हा वह्या घेऊन बसले. आणि दिसलं. माशाच्या खुणेचा माल एका बंदरात उतरायचा होता. क्रूसाचा दुसऱ्या. अरबी अक्षराचा तिसऱ्या. ते तुकडे लपवत नव्हते — पाठवत होते. प्रत्येक बंदरात थोडे, इतके लांब की पुन्हा कधी —

पहिलं बंदर येण्याआधीच दम संपला त्यांचा.

माझा अजून नाही संपलेला.

सोमवार, ३ मे

सोमवारी संग्रहालय पाहुण्यांना बंद, आणि हानम गेल्यापासून कार्यशाळाही. किल्ल्या कप्तानांकडे. ते म्हणाले, बावीस वर्षांत एकदाही दार गैरपणे उघडलं नाही. मी म्हटलं, मीही नाही. मग दोघेही हसलो — खोकलो.

सकाळी आठला सुरुवात. ॲसिटोन, कापूस, चिमटा. हानमचा नियम: जे सांधलं ते सोडवता आलं पाहिजे. आधी मान.

ती ओढत होती. भोक असूनही ओढत होती. कप्तान बाजूला उभे राहून सांगत होते — तीन लांब, एक रोखायचा, आता काम, आता मागे, खिडकीशी. पाणबुड्यांची शिकवणी. चुकले की ओरडायचे: अंकाराबाई, बुडालात!

मी तिच्याशी बोलत होते. मोठ्यानं. वेडेपणा असेल, असू दे. म्हटलं, तुला फुंकलं कुणी ते मला माहीत नाही, त्याचा श्वास तुझ्यात अडकला असेल, वाईट झालं. पण माझा मिळणार नाही. ह्या गावाचा मिळणार नाही. घे, अजून एक सांधा सुटला.

दुपारी पोट उघडलं. हवा बाहेर पडली. डांबर, मनुका, कुठली तरी खूप जुनी दमट हवा — आणि लवंग.

मी खाली बसले. कप्तान भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

माझा श्वास त्यात होता का? मला ओळखता आला नाही.

पाचपर्यंत एकशे ब्याण्णव. एकशे त्र्याण्णवावा संचालकांच्या कुलपातून कप्तानांनी काढला. कसा, ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ह्या वहीत पहिल्यांदाच काही विचारायचं सोडलं.

मंगळवार, ४ मे. दुपार

झालं.

जहाज नऊला लागलं. लोकांचे लोंढे. मी दारात टेबल टाकलं. कप्तानांनी वर पाटी लावली: भेट मोफत. प्रत्येकाला एक कागदी पुडी — आत मेणात एक तुकडा. प्रतिकृती आहे, आठवण म्हणून न्या. मी खोटं बोलले. एकशे ब्याण्णव वेळा. एकदाही जीभ अडखळली नाही.

मार्सेलची बाई. जिनोआचा स्वयंपाकी. अलेक्झांड्रियाच्या दोन बहिणी — एकीला एक, दुसरीला मुद्दाम दिला नाही. एक म्हातारा म्हणाला, काच खरी दिसते हो! कप्तान म्हणाले, मग परत द्या. त्यानं खिसा घट्ट धरला.

कुणाला कोणता, ते लिहिलेलं नाही. लिहिणार नाही.

अडीचला जहाज सुटलं. भोंगा वाजला तेव्हा मी टेबल आत ओढलं.

तीनला नवा सांधणारा पोहोचला. कपाट उघडलं — आरडाओरडा खोलीपर्यंत ऐकू आला.

मंगळवार. नंतर

खोलीत आहे. दार लावलंय. कप्तानांना नेलंय — चौकशीला. जाताना त्यांनी खिडकीकडे पाहिलं नाही. शहाणा माणूस.

श्वास — मिनिटाला चव्वेचाळीस. वाक्यं लहान ठेवते.

त्यांना ही वही मिळेल. वाचतील. मी सगळं लिहिते हे संचालकांना माहीत आहे. यादी शोधतील — यादी नाही. पाहुण्यांना पत्रं पाठवतील. काही तुकडे परतही येतील. चांगली माणसं आहेत. पुन्हा सांधायला बसतील. बसा. पंचवीस वर्षं, पन्नास वर्षं.

एक राहील.

एकशे त्र्याण्णवावा मी कुणाला दिला नाही. कप्तानांनाही माहीत नाही. मारलं तरी त्यांना सांगता येणार नाही.

हात आपोआप लिहायला जातो. सवय. नाही.

—

खिडकीच्या काचेवर वाफ आलीय. आतून. नाण्याएवढी.

मी खूप लांब बसलेय. मी श्वास रोखलाय. मोजते —

सात. अर्ध्या मिनिटात सात.

बरं. म्हणजे पोट उघडलं तेव्हा ती थोडी तरी बाहेर सुटलीय. काच काय, सगळीकडेच असते.

ये तर. खिडकीत काय करणार आहेस? पेल्यात काय करणार? तिथे तुला जागा नाही. तुझं घर एकच — आणि त्याला भोक आहे — आणि भोकाचा तुकडा —

जिन्यावर बूट. संचालकांचा आवाज. दार उघडा म्हणतायत. हळू बोलतायत, प्रेमानं.

ठिपका मोठा होतोय.

छाती — नाही येत — ठीक आहे. एक श्वास पुरेल. एक वाक्य.

तो तुकडा तुम्हाला मिळणार नाही, आणि तुलाही नाही. शोधा घर, शोधा समुद्र, फाडा मला. मी तो जिथे ठेवलाय ती जागा —